उकंडाजीची खरवड

पेढा हातावर पडला की मी आधी तो हुंगतो. रिसोडला मुलाकडे राहायला आल्यापासून सूनबाईला माझी ही खोड पाठ झाली आहे. कुणाचं बारसं असो, कुणाचं पोर पास झालेलं असो, पेढा आला की म्हातारा तो नाकाशी नेणार, क्षणभर डोळे मिटणार आणि मगच तोंडात टाकणार. "बाबा, शिळा नाही हो, आजचाच आहे," असं ती बिचारी दर वेळी सांगते. शिळा की ताजा हे मी बघतच नसतो. करपट वास येतो का, एवढंच बघतो. तो येत नाही. हल्लीचे पेढे फार शहाणे झाले आहेत, पांढरेधोप आणि गुळगुळीत. पिशवीतून दुधाची भुकटी येते म्हणे, तिच्यात हे कालवलं की दूध आणि ते कालवलं की खवा. कुणाचा हात दुखत नाही, कुणाची कढई लागत नाही. बरंच आहे की. माणसाला तेवढाच आराम. पण त्या वासाची सवय मला उकंडाजीनं लावली, आणि लागलेली सवय या वयात कुठे सोडत बसू?

उकंडाजी खवा करायचा. एवढं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं, दुकानात गादीवर बसणारा कुणी हलवाई असेल. उकंडाजीला गादी नव्हती आणि दुकानही नव्हतं. एक खिळखिळी बंडी, दोन म्हातारे बैल आणि बापाच्या वेळची एक लोखंडी कढई, एवढा त्याचा संसार. मानोऱ्याच्या आसपास बंजाऱ्यांचे जे तांडे आहेत, त्या तांड्यांवर तो कढई घेऊन फिरायचा. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधीची ही गोष्ट. मी तेव्हा लोकल बोर्डाचा देवी काढणारा होतो. देवीच्या लशीच्या नळ्या, टोचायची सुई आणि स्पिरिटची बाटली पेटीत घालून हिवाळाभर मीही त्याच वाटांनी हिंडत असे.

कढई घेऊन गावोगाव हिंडायचं कारण असं, की त्या मुलखात तेव्हा दूध कुणी विकत नसे. दूध विकलं काय अन् पूत विकला काय, सारखंच, असं मानणारी माणसं. पाहुण्याला पेलाभर फुकट पाजतील, शेजारच्या लेकराला वाटीभर देतील, पण दुधाचा पैसा हातात घ्यायचे नाहीत. तूप विकायला मात्र हरकत नव्हती. खवा विकायलाही नव्हती. एकदा आटलं की ते देवाच्या लेखी दूध राहत नसावं. त्यामुळे मानोऱ्याच्या हलवायाला दूध काही मिळत नसे, आणि म्हणून कढईलाच उठून दुधाच्या दारी जावं लागे.

तांड्याच्या मधोमध कडुनिंबाखाली तीन धोंडे मांडायचे, खाली कपाशीच्या पऱ्हाट्या पेटवायच्या, वर कढई. मग एकेक बाई आपापली चरवी घेऊन येई आणि स्वतःच्या हातानं दूध कढईत ओती. उकंडाजी चरवीला बोट लावत नसे. एका घरच्या दुधात दुसऱ्या घरचं मिसळायचं नाही, एकाचं आटलं की मग दुसऱ्याचं. आटेपर्यंत दूध त्या बाईचं, आटल्यावर खवा उकंडाजीचा. तो तिच्यासमोर तागडीत घालायचा आणि पैसे मोजून द्यायचे. ते बाईचं दूध नेमकं कोणत्या क्षणी याचा खवा होतं, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं.

"मले काय इचारता मास्तर?" तो कढईत सराटा, म्हणजे लांब दांड्याचं उलथनं, फिरवत म्हणाला. "मी तं हालवून राह्यलो."

तो मला देवीमास्तर म्हणायचा. डोक्यावर काळी टोपी आणि काखेत पेटी असलेला कुणीही त्याच्या लेखी मास्तरच.

त्याच्या नावाची कथा तो स्वतःच सांगे. आईची आधीची लेकरं जगली नव्हती. म्हणून हा झाला तेव्हा सुइणीनं याला उचलून उकिरड्यावर लोळवून आणला आणि नाव ठेवलं उकंडा. उकिरड्यावरचं पोर मरणालाही नकोसं वाटतं, अशी आपल्याकडची समजूत. "मरनानं टाकलेला मानूस मी," तो म्हणे, "मंग कामानं धरला." हे तो हसून सांगत नसे, रडूनही सांगत नसे. बाजारात भाव सांगावा तसं सांगे.

अंगानं वाळका. पण उजवा हात असा, की तो दुसऱ्याच कुणाचा तरी आणून जोडला असावा. खांद्यापासून मनगटापर्यंत दोरखंडासारख्या शिरा, आणि डावा हात त्याच्या बाजूला लोंबकळणारा पोरगेलासा. आयुष्यभर एकाच हातानं दूध हलवलेलं. लोखंडी सराटा तळाशी टेकवून कढईभर गोल गोल फिरवत राहायचा, दूध उकळतंय तोवर, दाटतंय तोवर, त्याचा गोळा होऊन कड सोडतोय तोवर. समोर आग, वर वाफ, आणि हात चालूच. तोंडानं मात्र त्याचं एकच वाक्य असे, "थकलो बॉ." बंडीतून उतरताना थकलो बॉ, कढई उतरवताना थकलो बॉ, सकाळी उठून तोंड धुतानाही थकलो बॉ. बैल चढावर अडले तर त्यांना चाबूक न मारता तो त्यांच्याशी बोलायचा, "चाला बाप्पा, तुमी थकले तसा मी बी थकलो. आता कोनं कोनाले ओढाव?" सावली दिसली की टेकायचा. आणि दूध? त्याच्या तोंडात दुधाचा थेंब जाताना मी कधी पाहिला नाही. काळा चहा प्यायचा, गुळाचा. तांड्यावरच्या रुपलीबाईनं एकदा पेला पुढे केला तर म्हणाला, "राहू दे माय, दूध पाहू पाहूच पोट भरलं."

आमची पहिली भेट भांडणानं झाली. मी एका तांड्यावर पोचलो तर तिथे अगदी आनंदीआनंद. कडुनिंबाखाली धूर, आणि कढईभोवती पोरांचा नुसता बाजार. प्रत्येकाच्या हातात पळसाचं एकेक पान. माझी काळी टोपी दिसली मात्र, एक पोर ओरडलं आणि पाहता पाहता सगळा तांडा रिकामा. कुणी खाटेखाली, कुणी कणगीमागे, एक तर चक्क बाभळीवर. जमिनीवर नुसती पळसाची पानं उरली.

कढईमागून एक थकलेला आवाज आला, "कोन हाये बाप्पा तुमी? काहून माहे गिऱ्हाईक पयवून लावता?"

"कसले गिऱ्हाईक? ती तर पोरं आहेत."

"तेच माहे गिऱ्हाईक. आता हे कोन खाईन?" त्यानं कढईकडे बोट दाखवलं. खवा काढून घेतलेला होता, आणि तळाला तांबूस, जाडसर थर चिकटलेला होता.

ती खरवड. खवा तागडीत गेला की कढईच्या तळाला जे लागून राहील त्यावर पोरांचा हक्क, असा तांड्यातांड्यांवर रिवाज होता. सराट्यानं तळ खरवडला की खर्रखर्र आवाज येई, आणि तो ऐकून पोरं जिथे असतील तिथून धावत येत. त्या दिवशी त्यानं बराच वेळ सराटा वाजवला, पण माझ्या भीतीनं एकही बाहेर येईना. शेवटी तो म्हणाला, "मास्तर, आपुन दोघं मिळून करू. तुमी आधी टोचा, मी मंग वाटतो. टोचल्याबिगर खरवड नाई." आणि मोठ्यानं तांड्याला ऐकू जाईल असं ओरडला, "ज्याच्या दंडावर मास्तरची निशानी, त्यालेच खरवड मियंन!"

आधी एक आलं, मग दुसरं. डोळे घट्ट मिटून दंड पुढे आणि पान धरलेला हात कढईकडे. त्यानंतर माझी नोकरी सुखाची झाली. हिवाळ्यात मी त्याची बंडी गाठायचो आणि त्याच्यासोबतच हिंडायचो. वरचे साहेब माझ्या आकड्यांवर खूष होते. मी कधी त्यांना सांगितलं नाही की यात निम्मा वाटा एका करपलेल्या कढईचा आहे. सांगितलं असतं तर त्यांनी कढईची मंजुरी कुणी दिली म्हणून विचारलं असतं.

करपलेली मी मुद्दाम म्हणतो. कारण उकंडाजीची कढई हटकून लागे. त्याचा बाप भिकाजी म्हणजे त्या भागातला नामांकित कारागीर. त्याचा खवा निघाल्यावर कढईत तोंड पाहून घ्यावं, असं जुनी माणसं सांगत. तळाला कणभर चिकटलेलं नसे. 'हात थांबला का लागला', म्हणजे हात थांबला की खवा तळाला लागलाच, हे भिकाजीचं वाक्य त्या धंद्यातल्या सगळ्यांच्या तोंडी होतं. आणि त्याच भिकाजीच्या पोटी हा असा. खवा गोळा व्हायला आला, अगदी आता उतरवायचा, की नेमका तेव्हाच याचा हात थांबायचा. सराटा सोडायचा, खांदा चोळायचा, "थकलो बॉ" म्हणायचा. तेवढ्यात तळ धरायचा. मग घाईघाईनं वरचा खवा काढून घ्यायचा. पण त्याला थोडा तांबूस रंग आणि धुरकट वास लागायचा तो लागायचाच. बाईचं मात्र नुकसान होऊ देत नसे. "लागला ती चूक माही," म्हणून तळाच्या खव्याचेही पैसे तिला देई.

मानोऱ्याला मोतीशेठ नावाचा हलवाई होता. सगळा खवा तोच घ्यायचा. खव्याची पाटी आली की तो चिमूट तोंडात टाकायचा आणि तिथेच सुरू व्हायचा.

"अबे उकंड्या, फिर वही! बापाचं नाव बुडवलं ना तू! भिकाजी गेला अन् कारागिरी संगं घेऊन गेला. हे काय हाये? खवा हाये का राख?"

गिऱ्हाइकं ऐकत उभी असायची. उकंडाजी खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरायचा. "हात थकते शेठ," एवढंच म्हणायचा.

"मंग सोडून दे धंदा."

"सोडला तं खाऊ काय?"

शेठ भाव पाडायचा आणि उकंडाजी मिळेल ते घ्यायचा. बाहेर आल्यावर माझी चिडचिड व्हायची. म्हणायचो, अहो, शेवटच्या घडीला जरा दम धरला तर काय होतं? तो बैलांच्या गळ्याखाली खाजवत उभा राही. मला वाटे, माणूसच मुळात थकून गेलेला आहे, याला बोलण्यात अर्थ नाही. पण बापाचं नाव निघालं की त्याचा चेहरा उतरायचा हे मी पाहिलं होतं. ते त्याला लागत असे, कढईपेक्षा जास्त लागत असे.

एका वर्षी पोहऱ्याच्या जत्रेच्या तोंडावर मोतीशेठनं निरोप दिला, की पेढ्यासाठी मिळेल तेवढा खवा आण. मलाही त्या बाजूच्या एका तांड्यावरची राहिलेली पोरं टोचायची होती. दोघं निघालो. पोचलो तर तांडा सुनसान. सगळा तांडा पोरासोरांसकट बंड्या जुंपून जत्रेला गेलेला. मागे राहिली होती रुपलीबाई, एक-दोन म्हाताऱ्या आणि जनावरं. ज्यांचं दुभतं होतं त्यांनी गाई-म्हशी रुपलीबाईच्या ओटीत टाकल्या होत्या आणि खवा करून ठेव म्हणून सांगितलं होतं. चरव्या भरलेल्या होत्या.

"घ्या, आज मी बेकार," मी पेटीवर बसत म्हणालो.

उकंडाजीनं आजूबाजूला पाहिलं. कडुनिंबाखाली कुणी नव्हतं. पानं नव्हती, कलकलाट नव्हता. त्यानं चूल पेटवली, रुपलीबाईनं दूध ओतलं आणि सराटा फिरायला लागला. मी सहज बघत बसलो होतो. दूध उकळलं, दाटलं, कड सोडायला लागलं. आता याचा हात थांबणार म्हणून मी वाट पाहिली. थांबला नाही. खांदा चोळला नाही, थकलो बॉ म्हणाला नाही. सराटा तळाशी असा घासत राहिला की जणू खाली लोखंड नाही, लोणी आहे. गोळा सुटला. त्यानं तो उचलून पळसाच्या पानावर ठेवला. पांढरा, रवाळ, नुसता बघत राहावा असा. आणि कढई? कढई स्वच्छ. तो वाकला आणि तिच्यात स्वतःचं तोंड पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग दुसरी चरवी, मग तिसरी. एकदाही तळ लागला नाही.

"आज नाही लागला?" मी म्हणालो.

"कोनासाठी लागू देऊ?" तो म्हणाला.

मी एवढा पेटीवर बसलेला शहाणा माणूस, आणि त्याचं ते बोलणं माझ्या डोक्यात शिरायला मानोऱ्यापर्यंतची अर्धी वाट लागली.

मोतीशेठनं चिमूट तोंडात टाकली आणि बोलायचाच थांबला. दुसरी चिमूट घेतली. मग दुकानातल्या माणसांना हाका मारल्या, एकेकाच्या तळहातावर खवा ठेवला. "भिकाजीचा हात!" तो म्हणाला. "अरे, भिकाजी वापस आला!" एका म्हाताऱ्यानं तर उकंडाजीचा तो उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. उकंडाजीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. सांगतो, त्या माणसाला हसताना दात दिसतात हे मला त्या दिवशी कळलं. आयुष्यभर बापाच्या नावानं शिव्या खाल्लेला माणूस, एकदा तरी त्याला ते नाव मानानं ऐकायचं होतं. म्हणून तर केला होता त्यानं तो खवा. नाहीतर रिकाम्या तांड्यावरही एखादी कढई लागू दिली असती तर कुणाला कळणार होतं?

पण मोतीशेठ व्यापारी होता. माणसं पांगल्यावर त्यानं डोळे बारीक केले. "म्हंजे येते तुले. मंग इतके वर्ष काय मस्करी करून राह्यला होता माही? आजपासून खवा असाच पाहिजे. तांबूस दिसला का मी दुसरा मानूस पाह्यला समज. दिग्रसकडचा एक गोविंदा माह्या मागंच लागला हाये."

परतताना उकंडाजी गावाबाहेर आल्यावर म्हणाला, "मास्तर, चूक झाली."

"कोणती?"

"चांगला खवा केला."

  त्याची चोरी त्याच्याच कारागिरीनं उघडी पाडली होती.

जत्रा पांगली आणि मी राहिलेली पोरं टोचायला पुन्हा त्याच तांड्यावर गेलो. उकंडाजीची कढई आधीच चुलीवर होती. पोरं जमली होती. ठरल्याप्रमाणे मी आधी पोरांना टोचलं, रडारड झाली, आणि सगळी पानं घेऊन कढईकडे वळली. मी मुद्दाम त्याच्या हाताकडे बघत होतो. खवा कड सोडायला लागला. हात थांबला नाही. ओठ घट्ट आवळलेले, नजर कढईत. गोळा निघाला, पांढराशुभ्र. त्यानं तो पानावर काढला आणि सराटा बाजूला ठेवला. खर्रखर्र वाजवायला तळाशी काही नव्हतंच.

पोरांनी कढईत डोकावून पाहिलं. एकमेकांकडे पाहिलं. मग रुपलीबाईची नात पुढे आली, नाक वाहत असलेली, परकराच्या ओच्यात दुसरं पान खोचून आणलेली. तिनं बाही वर केली आणि तो नुकता टोचलेला, लाल झालेला दंड उकंडाजीच्या तोंडासमोर धरला.

"म्या टोचलं ना," ती म्हणाली. "रडली बी नाई."

टोचल्याबिगर खरवड नाही, हा आमचाच नियम. तिला वाटलं आपल्याकडूनच काही राहून गेलं. तिच्या मागून दुसऱ्यानं दंड दाखवला, मग तिसऱ्यानं. कुणी हट्ट करत नव्हतं, कुणी ओरडत नव्हतं. नुसते दंड पुढे करून उभे राहिले. मला तर तिथून उठून जावंसं वाटलं.

उकंडाजी रुपलीबाईला म्हणाला, "वत माय, दुसरी चरवी." दूध ओतलं गेलं. तो हलवू लागला आणि हलवता हलवता माझ्याकडे न बघता बोलू लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"माहा बाप लय मोठा कारागीर, मास्तर. मी लहानपनी त्याच्या संगं तांड्यानं हिंडो. या पोट्ट्यांत मी बी पान घेऊन उभा राहो. त्याच्या कढईत कधी काई उरलंच नाई. लोक म्हनत, वा भिकाजी वा. अन् मी पान चाटो." सराटा फिरत होता. "ही कढई तांड्यात यायच्या आंधी हे दूध या पोट्ट्यांच्या वाटीत जाये. दूध इकू नये म्हनतात ना? आपुन आटवून इकतो. देवाले फसवता येते बाप्पा. याहिले कसं फसवू?"

खवा कड सोडायला लागला. त्यानं सराटा कढईत तसाच सोडला, डाव्या हातानं उजवा खांदा धरला आणि म्हणाला, "थकलो बॉ." धुराच्या वासात तो ओळखीचा करपट वास मिसळला. पोरं एक पाऊल पुढे सरकली. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला. इतका, की वर काढायला खवा थोडाच उरला आणि कढई खरवडता खरवडता त्याचा खरंच हात दुखला असणार.

मोतीशेठनं ती पाटी बघितली आणि एका शब्दानं विचारलं नाही. पाटी परत केली. पुढच्या हिवाळ्यात तांड्यातांड्यांवर गोविंदा दिसू लागला. चांगला धडधाकट गडी, कामाला वाघ, कढई आरशासारखी ठेवणारा. पोरं काही दिवस पानं घेऊन उभी राहिली, मग नुसतीच उभी राहिली. बायका हळहळल्या, पण खवा द्यायचं बंद करणं कुणाला परवडणारं नव्हतं. मला तर माझ्या जुन्या धंद्यावर यावं लागलं, म्हणजे पोरांना खाटेखालून ओढून टोचायचं. उकंडाजीनं बैल विकले. कढई त्याच्या झोपडीमागे उपडी पडली, तिच्याखाली कोंबडी पिलं घेऊन बसायची. तो स्वतः अंबाडीच्या दोऱ्या वळून विकत असे. मी भेटायला गेलो की विचारायचो, "आता तरी आराम आहे ना हाताला?" तर म्हणायचा, "आराम कायचा मास्तर? हालवून हालवून थकलो होतो, आता बसून बसून थकलो."

मग माझी बदली झाली. सामान बांधायच्या आधी शेवटचा फेरा म्हणून रुपलीबाईच्या तांड्यावर गेलो. कडुनिंबाखाली धूर होता. गोविंदा कढईसमोर बसून सराटा फिरवत होता, आणि त्याच्या शेजारी, अंगावर घोंगडी घेऊन, अंबाडीचा झुपका मांडीवर ठेवून उकंडाजी. दोऱ्या विकायला आलो म्हणाला. गोविंदाशी त्याचं चांगलं मेतकूट जमलेलं दिसलं. भिकाजीच्या गोष्टी चालल्या होत्या. कढईत तोंड कसं दिसायचं, साहेबांच्या मेजवानीला खवा कसा मागवला होता, एकदा भर पावसात छत्री धरून कसा आटवला होता. गोविंदा माना डोलवत होता आणि त्याचा हात चालू होता. मला राहून राहून नवल वाटत होतं. ज्या बापाचं नाव निघालं की हा मान खाली घालायचा, त्याचंच कौतुक हा असा रंगवून सांगतोय. पोरं लांब भिंतीशी बसली होती. माझी टोपी बघूनही पळाली नव्हती, याचंही मला नवल वाटलं.

खवा कड सोडायला आला तशी गोष्ट वाढत गेली. "अन् मंग बुढा काय म्हने, मालूम हाये?" उकंडाजीनं विचारलं आणि गप्प बसला. दोरीचा पीळ बघत बसला.

गोविंदानं वाट पाहिली. "काय म्हने?"

उकंडाजी बोलेना.

"अजी, सांगा ना, काय म्हने?" गोविंदा त्याच्याकडे वळला. सराटा हातातच राहिला.

करपट वास सुटला. गोविंदा दचकून कढईकडे वळला, पण तळ धरून झाला होता. तो स्वतःला शिव्या घालत वरचा खवा घाईघाईनं उचलायला लागला. भिंतीशी बसलेली पोरं उठली होती. प्रत्येकाच्या पाठीमागे लपवलेल्या हातात पळसाचं पान होतं.

"हात थांबला का लागला," उकंडाजी म्हणाला. "असं म्हने बाप्पा माहा बाप."

त्याचा चेहरा नेहमीसारखाच थकलेला. मी बघतोय हे त्यानं पाहिलं. दोरीला पुन्हा पीळ देत तो म्हणाला, "काय पाहून राह्यले मास्तर? काढा तुमची सुई. पोट्टे जमले."